मंगळवारचा आवाज

१

बुधवारी पहाटे होड्या पाण्यात ढकलल्या, पेट्या लावल्या, आणि एबो बोललाच नाही.

पेटी म्हणजे होडीच्या टोकाला बांधलेला पावाएवढा डबा. वर उन्हावर चालणारी काचेची पट्टी, पोटात बॅटरी, समोर छोटा कर्णा. बटण दाबलं की किनाऱ्यावरच्या यंत्राकडून वाऱ्याची खबर यायची, आणि ती एबोच्या आवाजात यायची. "शुक्रवार. वारा नैर्ऋत्येचा, अंगावर घेऊ नका." एबोला समुद्राने नेऊन दोन वर्षं होत आली होती. देह मिळाला नव्हता. तरी रोज पहाटे सगळ्या होड्यांमधून तो वारा सांगायचा, आणि केप कोस्टजवळच्या त्या कोळीवस्तीत कुणालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

आराबा एसिल्फीला ही बातमी दिली मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरी ओटूने, फोनवर, आणि तीही त्याच्या नेहमीच्या गोड पद्धतीने. "मॅडम, तुमचा एबो परत मेला बघा. होड्या अर्ध्या वाटेतून माघारी आल्यात. नुसती पीं पीं वाजतेय पेटी."

"वीज गेली असेल."

"अहो, वीज गेली तर तुमच्या त्या बॅटऱ्या कशाला आहेत? शोभेला?"

आराबाने अंगावर कापड गुंडाळलं आणि चहासुद्धा न घेता निघाली. वाटेत सारखा तिच्या मनात एकच विचार होता: यंत्र बिघडू दे, जळू दे, चोरीला जाऊ दे, पण तो आवाज राहू दे.

कारण आराबाचं एबोवर मन होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. एबोला तर नाहीच नाही. दोघं एकाच वाराचे, मंगळवारचे. जन्मवारावरूनच तर नावं पडतात इथं, म्हणून तो एबो, ती आराबा. तो म्हणायचा, "आपण मंगळवारची माणसं, सुट्टीच्या दिवशी जन्मलेली. कामाला वाईट." मंगळवारी या किनाऱ्यावर कोणीही समुद्रात जात नाही. तो दिवस समुद्राचा. होड्या वाळूवर, पेट्या बंद, माणसं जाळी शिवत बसलेली.

आणि तरीही एबोने वाऱ्यांच्या तुकड्यांबरोबर सातही दिवसांची वाक्यं बोलून ठेवली होती; यंत्र ती जुळवून खबर द्यायचं. मंगळवारचं बोलताना ती समोरच होती.

"मंगळवारी कोण ऐकणार आहे रे, शहाण्या?"

"समुद्र ऐकेल," असं म्हणून त्याने कर्णा तोंडाशी धरला होता. "मंगळवार. समुद्र झोपलाय. जाळी शिवा, सावकाश शिवा. समुद्र काही कुठं पळून जात नाही, आणि पळालाच तर..." इथे त्याला हसू फुटलं, आणि हसतच तो पुढचं बोलला, "...तर मला सांगा, मी आणतो धरून."

दुसऱ्या दिवशी तो नव्या पेटीची चाचणी घ्यायला होडीतून गेला. "आवाज अजून साठवलेला नाही, नुसताच चालत्या यंत्रात ठेवलाय. उद्या साठवतो," एवढं कार्यशाळेतल्या फीफीला सांगून गेला. इथल्या रीतीप्रमाणे निरोपाची वाट न मागताच गेला. दुपारी वावटळ आली.

त्या 'उद्या'कडे पुढे कुणी वळून बघितलंच नाही. आवाज तर रोज येत होता! म्हणजे तो कुठेतरी नीट साठवलेला असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. धंदा जाणणारी माणसं अशीच फसतात.

२

कार्यशाळा शिंप्याच्या दुकानावर होती. खाली दिवसभर मशीनची खडखड, वर 'अहोमा'. अहोमा म्हणजे दोर. ही बोलायची भाषा नव्हे, यंत्राला कामं सांगायची. एबोने ती सुरू केली, आराबा आणि फीफीने पुढे चालवली.

आराबा पोचली तेव्हा फीफी पडद्यासमोर डोकं धरून बसला होता. पोरगेलासा, एरवी बडबड्या माणूस.

"यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही," तो म्हणाला. "बाकी सगळं जागच्या जागी आहे. फक्त आवाज मेमरीतून गेलाय, आणि कायमच्या साठवणीच्या तबकडीवर तर तो कधी नव्हताच. आराबा ताई, आपण दोन वर्षं बघितलंच नाही गं!"

"पुसला कुणी?"

"पुसलेला नाही. काल, मंगळवारी दुपारी, त्याची मोजणी शून्य झाली."

हे मोजणीचं प्रकरण इथेच सांगून टाकू. मेमरीत एखादी वस्तू ठेवली की तिला धरणारे दोर असतात; धंद्यात त्यांना पॉइंटर म्हणतात. अहोमाचे दोर शहाणे. किती जणांनी धरलंय याची मोजणी वस्तूच ठेवते. कोणी आलं की एक वाढवायचा, गेलं की एक कमी. शेवटचा हात सुटला की वस्तू आपोआप जाते आणि जागा मोकळी होते. प्रत्येक चालू पेटी आवाजाला असा एक हात देत होती. एरवी रात्रीही कुठल्या ना कुठल्या होडीची पेटी चालू असायची; सगळ्या एकदम बंद व्हायच्या त्या फक्त मंगळवारी.

सुरुवातीला यात एक खोट होती. दोन वस्तूंनी एकमेकींनाच धरलं तर बाहेरचे सगळे गेले तरी त्या दोघी अडून बसायच्या. मोजणी कधी शून्य व्हायचीच नाही. असा कचरा साठत साठत मागच्या पावसाळ्यात यंत्राची मेमरी तुडुंब भरली, आणि ऐन वादळाच्या दिवशी पेट्या मुक्या झाल्या. दोन होड्या उलटता उलटता वाचल्या. तेव्हा आराबाने भाषेलाच नवा नियम घातला: दोन वस्तूंना एकमेकींना पूर्ण धरता येणार नाही. एकीने धरायचं, दुसरीने 'अर्धी वाट' घ्यायची. या नियमाविरुद्ध कुणी काही लिहिलं तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राला समजावणारा दुभाष्या, ते दारातूनच परत पाठवतो.

नाव फीफीने सुचवलं होतं. पाहुणा उठला की यजमानाकडे वाट मागतो; यजमान म्हणतो, अर्धीच दिली. म्हणजे उरलेली अर्धी घ्यायला परत ये. अर्धी वाट घेतलेल्याने वस्तू धरायची नसते. अधूनमधून येऊन फक्त विचारायचं: आहेस का अजून?

नाव ऐकल्यावर आराबाला हसू आलं होतं आणि मग रडू. तिचं आणि एबोचं नातं दुसऱ्या कुठल्या शब्दात बसलंच नसतं.

"एबोचा आवाज आणि खबरेची वेळ राखणारं वाऱ्याचं घड्याळ एकमेकांना धरून होते," फीफी अडखळत म्हणाला. "म्हणून जुन्या काळात मंगळवारी सगळ्या पेट्या बंद झाल्या तरी आवाज जात नव्हता. नियमाने ती गाठ सोडवली. ताई, राग नको मानूस, पण आपल्याच नियमाने त्याला मारलं."

तेवढ्यात जिना दणाणला आणि ओटू वर आला. त्याने शेवटचं वाक्य ऐकलंच होतं.

"झालं तर मग! काढा तो नियम. नाहीतर यंत्राचा तयार आवाज घाला, स्वच्छ, बायकी. मी गेल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडतोय."

आराबा पडद्याकडे बघत राहिली. नियम कधी घातला? पाऊस संपता संपता. आता तर उत्तरेची कोरडी धूळ उडत होती. मधे कितीतरी मंगळवार येऊन गेले होते.

"फीफी," ती हळूच म्हणाली, "नियमाने मारलं असतं तर पहिल्याच मंगळवारी मारलं असतं. एवढे मंगळवार तो जिवंत होता. म्हणजे सगळ्या पेट्या बंद असताना एक पेटी चालू असायची."

फीफी बोटांवर मंगळवार मोजायला लागला.

"दर मंगळवारी कुणीतरी त्याला धरून बसायचं," आराबा म्हणाली. "आणि काल त्याने हात सोडला."

३

"माझ्याकडे का बघताय?" ओटू म्हणाला.

"तुम्हाला तो आवाज नको होता."

"नको होता, उघड सांगतो. मेलेल्या माणसाने वारा सांगायचा म्हणजे काय! नव्या कोळ्यांची पोरं घाबरतात. पण मॅडम, नको असलेला माणूस मंगळवारी पेटी लावून त्याला जपत कशाला बसेल? काल हात सोडायचा तर आधी तो धरलेला हवा ना?"

हे मात्र बिनतोड होतं. आराबाला या माणसाचा राग यायचा तो याचसाठी. मधूनमधून त्याचं बरोबर असायचं.

"तुमची पेटी कुठंय?"

"कपाटात. खोक्यातून काढलेलीही नाही. येऊन बघा हवं तर." आणि मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्ही त्याच्या आईकडे का जात नाही? तिची पेटी अष्टौप्रहर चालू असते. सगळ्या वस्तीला माहितेय."

पेट्यांना नावं नव्हती. यंत्र हात मोजायचं, तोंडं ओळखायचं नाही. एबोनेच ते मुद्दाम तसं ठेवलं होतं, कोण कुठल्या पाण्यात मासे धरतो हे कुणाला कळू नये म्हणून. तेव्हा कुणाची पेटी हे पडद्यावरून कळणार नव्हतं. लोकांनाच विचारायला हवं होतं.

आराबा निघाली. नाक्यावरच्या भिंतीला चार-पाच नवे कागद चिकटवलेले दिसले आणि तिचे पाय थांबले. लाल-काळी चौकट, मधोमध एबोचा हसरा फोटो, खाली अंत्यविधीचा शनिवार. खळ अजून ओली होती.

४

एबोची आई, माआमे एफुआ, धुराच्या भट्टीपाशी मासे उलटत होती. बाजारातल्या सगळ्या मासेवाल्यांची ती मुखत्यार. ती बोलेल तोच भाव.

"माआमे, पोटात काही गेलं का?" आराबाने पानात गुंडाळलेली मक्याची केंकी तिच्यापुढे ठेवली.

"मला खायला घालायला आलीस की चौकशीला?"

"दोन्ही."

म्हातारीला तेवढं पुरलं. तिने आराबाला बाकावर जागा दिली. "विचार."

"तुमची पेटी काल दुपारी बंद झाली का?"

"माझी? माझी कधी बंद नसते. तो बघ ना तिथंच असतो माझा लेक." तिने भट्टीमागच्या फळीकडे बोट केलं.

आराबाच्या छातीतलं ओझं उतरलं. आईच ती! कोडं सुटलं, बॅटरी संपली असेल, बस. ती उठून पेटीपाशी गेली आणि उभीच राहिली. काचेच्या पट्टीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. बटणावर भट्टीच्या काजळीचा जाड, सलग थर होता. त्या बटणाला कित्येक महिन्यांत बोट लागलेलं नव्हतं.

"माआमे..."

"पावसात भिजली," म्हातारी पाठमोरीच म्हणाली. "तेव्हापासून मुकीच आहे."

"मग आम्हाला सांगायचं ना! फीफीने तासाभरात दुरुस्त केली असती."

"आणि नेली असती ना ती! ही त्याने स्वतःच्या हाताने जोडलेली पहिली पेटी. तुमच्याकडे गेली की तुम्ही मला नवी कोरी दिली असती आणि ही मोडीत काढली असती. माहिती आहेत मला तुम्ही शिकलेले लोक." तिने पदराने डोळे पुसले. "मी बाहेरच्या होड्यांमधला ऐकायची. पहाटे दारात उभी राहून. मंगळवारी मात्र काहीच नाही. मंगळवार मला खायला उठायचा गं."

आराबाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही मंगळवार खायला उठायचा, आणि तिच्या तर टेबलावर चांगली चालती पेटी होती. एकदाही तिने मंगळवारी बटण दाबलं नव्हतं. एबोचं ते वाक्य ऐकायची तिची छातीच झाली नव्हती.

"भिंतीवरचे कागद पाहिलेस?" म्हातारीचा आवाज एकदम तापला. "क्वान्साने लावलेत. माझ्या सख्ख्या भावाने! कुळाचा प्रमुख आहे ना तो, त्याला कोण विचारणार? दोन वर्षं पाठीस लागलाय, विधी उरकू, विधी उरकू. मी म्हटलं, माझा मुलगा रोज पहाटे बोलतोय तोवर कसला विधी? काल सकाळीच उठून ताकोराडीला गेला छापून आणायला. आणि काल दुपारीच आवाज गेला. तूच सांग आता, हे आपोआप झालं?"

५

वोफा क्वान्सा वाळूवर पाय पसरून जाळं शिवत होता. सुईसारखी पट्टी झरझर चालत होती. त्याची होडी आज पाण्यात गेलीच नव्हती; बाजूला ओढलेली, तिच्यावर ताडपत्री. एबोचा मामा, म्हणून सगळ्यांचाच 'वोफा', कुळाचा प्रमुख, आणि वस्तीतला सगळ्यात तिरसट म्हातारा. याला हसताना पाहिलेला माणूस सापडला असता तर सोसायटीने त्याचा सत्कार केला असता.

"वोफा, बसू का?"

"वाळू काही माझ्या बापाची नाही."

आराबा बसली. "आवाज गेला. कळलंच असेल."

"बरं झालं."

"असं कसं बोलता?"

"मग कसं बोलू? गेलेला माणूस जावा. विधी नाही, माती नाही, आणि रोज पहाटे कर्ण्यातून बडबड. माझी बहीण दोन वर्षं दाराला कडी लावत नाही, पोरगं येईल म्हणून. दिसतं का तुम्हाला हे वरच्या माडीवरून?"

"तुमची पेटी?"

"मी ऐकत नाही पेटी. पोरं लावतात होडीत. मला वाऱ्याचा वास येतो, मला कशाला डबा हवा."

"काल दिवसभर तुम्ही इथं नव्हता."

"ताकोराडीला होतो. छापखानेवाल्याने बसवून ठेवलं. संध्याकाळी आलो. झाली चौकशी?"

आराबा उठायला लागली. तेवढ्यात तिचा पाय जाळ्यात अडकला आणि ती घाईघाईने सोडवायला गेली तसा एक धागा तुटला.

"अगं अगं! सावकाश!" म्हातारा खेकसला. "घाई कसली? समुद्र काही कुठं पळून जात नाही, आणि पळालाच तर..."

तो थांबला. हातातली पट्टीही थांबली.

"पळालाच तर काय, वोफा?"

"काही नाही. जा तू."

"वाट द्या मग."

"अर्धी दिली," तो नेहमीच्या सवयीने पुटपुटला आणि जाळ्यात डोकं घालून बसला.

आराबा वाळूतून पंधरा-वीस पावलं गेली असेल. मग ती जागच्या जागी वळली. तिने ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? ते वाक्य पेटी फक्त मंगळवारी बोलायची, आणि मंगळवारी तर कुणाचीच पेटी चालू नसायची.

६

ती परत आली ती सरळ होडीकडे. ताडपत्रीचं टोक उचललं. बसायच्या फळीखाली, जुन्या जाळ्याच्या गुंडाळीत, पेटी होती. बटण चालूवरच होतं. दिवा मात्र विझलेला. काचेची पट्टी थेट ताडपत्रीखाली आलेली; तिला काल दिवसभर उन्हाचा कण मिळाला नव्हता.

"झाकलीत तुम्हीच ना, वोफा?" तिने मागे न बघताच विचारलं. तो मागे येऊन उभा राहिलाय हे तिला कळलं होतं.

ऊन उतरत होतं, आणि पलीकडे बायका वाळूवरचे मासे गोळा करत होत्या.

"एकदा जाळं शिवताना पाय लागला बटणाला," म्हातारा म्हणाला. "मंगळवार होता. आणि पोरगं बोलायला लागलं. जाळी शिवा म्हणालं, सावकाश शिवा. सगळा किनारा रिकामा, ऐकायला कुत्रं नाही, आणि हे आपलं बडबडतंय एकटंच. बंद करवेना गं." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मग दर मंगळवारी लावायचो, बुधवारी पोरं होडी काढेपर्यंत. सोबत म्हणून. त्याला सोबत."

"आणि अंत्यविधीचा हट्ट?"

"तो एफुआसाठी. तिने दाराला कडी लावावी म्हणून. मला काय... मला तो मंगळवारी हवाच होता की."

आराबाचे डोळे भरून आले. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तोच एकटा धरून बसला होता.

"काल जाताना बंद करवली नाही. म्हटलं चालू राहू दे, एकटं नको पडायला त्याने. वरून झाकली, कुणी ऐकलं तर हसतील म्हणून. क्वान्सा म्हातारा भुताशी गप्पा मारतो म्हणतील." त्याने पेटीकडे पाहिलं, मग आराबाकडे. तिरसट असला तरी डोकं तल्लख होतं त्याचं. "झाकली म्हणून ऊन नाही मिळालं. ऊन नाही म्हणून दिवा गेला. आणि मग पोरगं गेलं. असंच ना? म्हणजे मीच."

तिला खोटं बोलता आलं असतं. वीज गेली म्हणाली असती तर ओटूशिवाय कुणी शंका घेतली नसती. पण हा माणूस इतके मंगळवार त्याच्यापाशी बसला होता. त्याला खोटं कसं सांगायचं?

"तुमचा हात शेवटी सुटला, वोफा. पण त्याच्याआधी बाकी कुणाचा हातच नव्हता, हा दोष आमचा. एबो उद्या साठवतो म्हणाला आणि गेला. आम्ही दोन वर्षं बघितलं नाही. आणि माझा नियम! शेवटचा हात सुटताना त्याने कुणाला विचारलंसुद्धा नाही. तुमच्या घरातून पाहुणा वाट मागितल्याशिवाय उठतो का? मी लिहिलेल्या भाषेतून माणूस उठून गेला आणि कुणाला खबर नाही."

"नियम काढणार म्हणे तुम्ही."

"कोण म्हणालं, ओटू? काढणार नाही. पुन्हा वादळात पेट्या मुक्या झाल्या तर? नियम राहील. त्याच्यापुढे आणखी एक येईल."

म्हातारा मटकन होडीच्या काठावर बसला. "परत येईल का तो?"

"नाही, वोफा," आराबा म्हणाली, आणि एवढं बोलून ती दोन वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर रडली. म्हाताऱ्याने तिला रडू दिलं. सांत्वन वगैरे त्याला जमण्यातलं नव्हतं. त्याने फक्त सरकून काठावर तिला जागा केली.

७

शनिवारी अंत्यविधी झाला. लाल-काळी कापडं नेसून सगळी वस्ती जमली. माआमे एफुआ आली. भावाच्या होडीतली ती झाकलेली पेटी आराबाने आदल्या दिवशीच तिला नेऊन दाखवली होती. तेव्हापासून बहीणभाऊ बोलले नव्हते, पण ती येऊन बसली ती त्याच्याच शेजारी.

वोफा क्वान्साने मद्याची धार मातीवर धरली, पूर्वजांची नावं घेतली, आणि मग एबोचं नाव घेतलं. "तू वाट न मागताच गेलास," तो म्हणाला. "हे काही बरं केलं नाहीस. आता मी कुळाचा प्रमुख म्हणून तुला वाट देतो." म्हाताऱ्याने बहिणीकडे बघितलं. "पण अर्धीच देतो. ऐकतोयस ना? अर्धीच."

त्या संध्याकाळी माआमे एफुआने दाराला कडी लावली.

दरम्यान अहोमात नवा नियम आला. ज्या वस्तूची दुसरी प्रत कुठेही नाही, तिला निरोप कोण देणार हे लिहिल्याखेरीज कंपायलर ती वस्तू बनवूच देणार नाही. आणि तिचा शेवटचा हात सुटायची वेळ आली की यंत्राने थांबून त्या माणसाकडे वाट मागायची. फीफी म्हणाला, यामुळे काम थोडं मंदावेल. आराबा म्हणाली, मंदावू दे.

राहता राहिला वारा. ओटू आपला तयार बायकी आवाज घेऊन आलाच. कोळ्यांनी त्याला पिटाळून लावलं. म्हणाले, आमच्यातलं माणूस हवं. तेव्हा आराबा वोफाकडे गेली. तो आधी खेकसला, मग म्हणाला माझा घसा फाटका, मग म्हणाला बघू, आणि दुसऱ्या दिवशी चांगलं कापड गुंडाळून शिंप्याच्या जिन्यावर धापा टाकत उभा राहिला.

फीफीने कर्णा पुढे ठेवला. म्हाताऱ्याने सोमवार बोलून दाखवला. बुधवार, गुरुवार. घोगरा, रागीट आवाज. वाराही दबकून वाहील असा. तोही बरा होता. मग आराबा म्हणाली, "वोफा, मंगळवार राहिला."

"मंगळवारी कोण ऐकणार आहे?"

"मी ऐकेन," आराबा म्हणाली. "माआमेची पेटी फीफीने तिच्या घरी बसून दुरुस्त केलीय. तीही ऐकेल."

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"मंगळवार. समुद्र झोपलाय. जाळी शिवा, सावकाश शिवा. समुद्र काही कुठं पळून जात नाही, आणि पळालाच तर..." आणि इथे, जिथे एबोला हसू फुटलं होतं नेमकं तिथेच, तो कधी न हसणारा म्हातारा हसला. तेच आखूड, दाबायला जावं आणि निसटावं तसं हसू. मग हसतच, "...तर मला सांगा, मी आणतो धरून."

आराबाने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

फीफीने कानावरचे हेडफोन काढले. तो दिवस त्याने पाहिला नव्हता, त्याला काय कळणार. "छान झालं. मधेच जरा हसले ते," तो म्हणाला. "तेवढं कापून टाकू का, ताई?"

"हात तर लावून बघ," आराबा म्हणाली. "आणि आधी साठव. आत्ता, माझ्यासमोर."